सोशल नंबर अजून आला नाही, तरी कामावर घेता येतं

"सोशल आला का? नाही? मग आला की फोन करा."

सोशल म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर. अमेरिकेत नव्यानं आलेल्या मराठी मुलामुलींना हे इतक्या वेळा ऐकावं लागतं, की तोच इथला कायदा आहे असं त्यांना वाटू लागतं. मी न्यू जर्सीत छोट्या व्यावसायिकांचे पगाराचे हिशेब बघते. मागे सांगलीकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ही जोडीदाराच्या एच-फोर व्हिसावर. कित्येक महिने वाट बघून तिचं वर्क परमिटचं कार्ड, म्हणजे ईएडी, हातात पडलं. एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनचं काम ठरलं, रुजू व्हायची तारीखही ठरली. आदल्या दिवशी दवाखान्याला कळलं की तिचा सोशल सिक्युरिटी नंबर अजून आलेला नाही. त्यांनी तिला थांबायला सांगितलं. नंबर आला तोवर ती जागा भरली होती. तिला वाटलं, नियमच आहे तर काय करणार. मालकालाही प्रामाणिकपणे तसंच वाटत होतं.

असा नियम नाही. आपल्याकडे दुकानं, मोटेल, दवाखाने, छोट्या आयटी कंपन्या चालवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे कामाला लागणारेही पुष्कळ. या एका गैरसमजापायी दोन्हीकडची माणसं अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोंधळाचं मूळ असं, की दोन वेगळे प्रश्न आपण एकच समजतो. पहिला प्रश्न : हा माणूस कोण, आणि त्याला या देशात काम करायची परवानगी आहे का? दुसरा : त्याचा पगार आणि त्यावरची कपात सरकारदरबारी कोणत्या खात्यावर नोंदवायची? पहिल्याचं उत्तर आय-९ नावाचा फॉर्म देतो. सोशल सिक्युरिटी नंबर दुसऱ्याचं उत्तर देतो.

हा नंबर जन्माला आला तोच मुळी हिशेबासाठी. १९३५ साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला, आणि कोणी किती कमावलं हे म्हातारपणीच्या पेन्शनसाठी नोंदवून ठेवायला १९३६ च्या नोव्हेंबरपासून नंबर वाटायला सुरुवात झाली. १९४६ ते १९७२ या काळात कार्डावर चक्क छापलेलं असायचं, की हे ओळखपत्र नाही. पुढे बँक, घरभाडं, मोबाइल, सगळीकडे तोच नंबर मागू लागले आणि त्याचं वजन भलतंच वाढलं. आपल्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर भविष्य निर्वाह निधीच्या नंबराचं देता येईल. पुण्यात कोणी पहिल्या नोकरीला लागला, तर त्याचा पीएफ नंबर रुजू झाल्यावर निघतो. नंबर नाही म्हणून त्याला कोणी दारातून परत पाठवत नाही.

आता आय-९ कडे वळू. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्थलांतराच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्या तारखेनंतर कामावर घेतलेल्या प्रत्येकाची ओळख आणि काम करायची परवानगी तपासणं मालकावर बंधनकारक झालं. प्रत्येकाची म्हणजे इथे जन्मलेल्या गोऱ्या माणसाची, तुमच्या सख्ख्या भाच्याची, सगळ्यांची. "तो आपलाच आहे, त्याचा कशाला फॉर्म" हे चालत नाही. आणि "त्याला पगार कुठे देतो, नुसती राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण" हेही चालत नाही, कारण कामाच्या बदल्यात दिलेली खोली आणि जेवण हा मोबदलाच धरला जातो. मोटेलवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना दुपारी गल्ल्यावर बसवण्याची सवय काही घरांत आहे. विझिटर व्हिसावर काम करता येत नाही. त्यांच्या पुढच्या प्रवेशावर गदा येईल असा धोका दोन तासांच्या सोयीसाठी घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

फॉर्मचा पहिला भाग कामगारानं स्वतः भरायचा, आणि तो कामाच्या पहिल्या दिवशी पूर्ण व्हायला हवा. नोकरीचा प्रस्ताव स्वीकारल्यावर त्याआधीही भरता येतो, पण प्रस्तावाआधी भरून घ्यायचा नाही. इंग्रजी येत नसलेल्या माणसाला दुसऱ्यानं वाचून दाखवलं, भरून दिलं तरी हरकत नाही. मात्र मदत करणाऱ्यानं जोडपत्रावर आपलं नाव लिहून सही करायची. दुसरा भाग मालकाचा. कामगारानं दाखवलेली मूळ कागदपत्रं बघून तो कामाच्या पहिल्या दिवसानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत भरायचा. सोमवारी रुजू झाला तर गुरुवारपर्यंत.

पहिल्या भागात सोशल सिक्युरिटी नंबराचा रकाना आहे. तो ऐच्छिक आहे. मालक ई-व्हेरिफाय ही सरकारी ऑनलाइन यंत्रणा वापरत नसेल, तर तो रकाना कोरा ठेवून फॉर्म पूर्ण होतो. दवाखान्याच्या मालकाला ही एक ओळ माहीत असती, तर ती मुलगी ठरल्या दिवशी कामावर गेली असती. ई-व्हेरिफायची गोष्ट थोडी निराळी आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

कागदपत्रांच्या तीन याद्या असतात : ए, बी आणि सी. ए यादीतलं एकच कागदपत्र दोन्ही गोष्टी सिद्ध करतं, ओळखही आणि परवानगीही. अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी ही त्यातली नेहमीची. बी यादी फक्त ओळखीची : ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं ओळखपत्र, फोटो असलेलं कॉलेजचं कार्ड. सी यादी फक्त परवानगीची : सोशल सिक्युरिटी कार्ड, अमेरिकेतला जन्मदाखला वगैरे. ए मधलं एक पुरतं, किंवा बी मधलं एक आणि सी मधलं एक अशी जोडी लागते.

आपल्या माणसांच्या बाबतीत हे असं बसतं. ज्याच्याकडे ईएडी आहे, मग तो ओपीटीवरचा, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाची तात्पुरती परवानगी मिळालेला, विद्यार्थी असो की एच-फोरवरची पत्नी, त्याला ते एक कार्ड पुरतं. एच-वन-बीवाल्याचा भारतीय पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे देशात प्रवेशाची सरकारी नोंद, मिळून ए यादीत बसतात, पण ज्या कंपनीनं अर्ज केला आहे त्याच कंपनीपुरते. कॉलेजच्या आवारात, लायब्ररीत किंवा कँटीनमध्ये काम करणारा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा पासपोर्ट आणि आय-९४ दाखवतो. सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, बाहेर काम करत असेल तर त्याला कॉलेजनं दिलेल्या आय-२० या कागदावर तशी नोंद लागते. कंपनीनं अमेरिकेत बदली केलेल्या एल-वनवाल्यांच्या जोडीदारांचं चित्र २०२२ पासून बदललं. ३० जानेवारी २०२२ पासून त्यांच्या आय-९४ वर एल-टू-एस असा शिक्का येऊ लागला, आणि त्या नोंदीचा आय-९४ सी यादीत धरला जातो. लायसन्स आणि तो आय-९४ एवढ्यावर त्यांना ईएडीशिवायही काम सुरू करता येतं. हे अजून कित्येक जणींना ठाऊक नाही. ईएडीच्या अर्जाचे पैसे भरून त्या महिनोन्‌महिने घरी बसतात, हे बघून मला फार वाईट वाटतं.

यात सोशल सिक्युरिटी कार्ड कुठे आलं? सी यादीतल्या अनेक पर्यायांपैकी एक म्हणून. बस्स, एवढंच त्याचं स्थान आहे. उलट ते कार्ड हातात असूनही कधी कधी चालत नाही. एच-वन-बीवाल्यांना आणि तात्पुरत्या परवानगीवरच्या इतरांना मिळणाऱ्या कार्डावर "व्हॅलिड फॉर वर्क ओन्ली विथ डीएचएस ऑथोरायझेशन", म्हणजे गृहसुरक्षा खात्याची परवानगी असेल तरच कामासाठी ग्राह्य, असं छापलेलं असतं. काहींच्या कार्डावर "नॉट व्हॅलिड फॉर एम्प्लॉयमेंट" असतं. ही दोन्ही कार्डं आय-९ साठी सी यादीत घेता येत नाहीत. म्हणजे नंबर असलेल्या माणसाकडे परवानगी नसू शकते, आणि नंबर नसलेल्याकडे पूर्ण परवानगी असू शकते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर अर्ज करून बिनशिक्क्याचं कार्ड घेता येतं, नंबर तोच राहतो.

पावतीचाही घोळ होतो. "सोशलसाठी अर्ज केलाय, ही पावती" असं दाखवलं तर ती पहिल्यांदाच केलेल्या अर्जाची पावती सी यादीतलं कागदपत्र म्हणून चालत नाही. कार्ड हरवलं, चोरीला गेलं किंवा खराब झालं म्हणून नव्यासाठी अर्ज केला असेल, तर मात्र त्या पावतीवर ९० दिवस काम भागतं. अर्थात ईएडी किंवा पासपोर्टवर फॉर्म पूर्ण होत असेल तर ती पावती लागतच नाही.

यादीतलं कुठलं कागदपत्र दाखवायचं हे कामगार ठरवतो, मालक नाही. तुम्ही याद्यांचं पान त्याच्या पुढ्यात ठेवायचं आणि "यातलं जे आहे ते आणा" म्हणायचं. "ग्रीन कार्डच दाखव", "ईएडी आहे ठीक, पण सोशल कार्डही लागेल", "अजून एखादं असेल तर बरं" असं म्हणता येत नाही. आपले मालक हे बहुतेक वेळा काळजीपोटी करतात. एक कागद जास्त असला तर बरं, ही आपली सरकारी कचेऱ्यांतून लागलेली सवय. पण नागरिकत्व, व्हिसा किंवा मूळ देश बघून जास्तीचं किंवा विशिष्ट कागदपत्र मागणं हा इथे भेदभाव धरला जातो आणि त्याला दंड आहे. चार किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या मालकांना हे कलम लागू होतं. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच, की कागदपत्र दिसायला खरं वाटावं आणि समोरच्या माणसाचंच असावं. तुम्ही काही हस्ताक्षरतज्ज्ञ नाही, कायदाही तसं मानत नाही. मात्र मुदत संपलेलं चालत नाही, आणि फोटोकॉपी किंवा मोबाइलवरचा फोटो चालत नाही.

आयटीनचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण तिथे चूक उलट्या दिशेनं होते. आयटीन हा कर भरण्यासाठी आयआरएस, म्हणजे इथलं कर खातं, देतं तो नऊ आकडी नंबर. दिसायला अगदी सोशलसारखा, पण सुरुवात नेहमी ९ नं होते. ज्यांना सोशल मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी तो असतो. काम करायच्या परवानगीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, आणि पगाराच्या कागदांवर सोशलच्या जागी तो भरायचा नसतो. भारतात पॅन कार्ड परदेशी माणसालाही मिळतं, पण म्हणून तो मतदार होत नाही, तसंच हे. आपल्याकडच्या कित्येक एच-फोर बायकांकडे आयटीन असतो, नवऱ्याबरोबर कराचं विवरण भरताना घेतलेला. पुढे ईएडी आला की त्यांनी सोशलसाठी अर्ज करायचा, आणि सोशल मिळाल्यावर आयआरएसला कळवून आयटीन वापरणं थांबवायचं.

बरं, माणूस कामावर आला, नंबर नाही, मग पगार कसा काढायचा? नेहमीच्या तारखेला, नेहमीच्या कपातीसह, चेकनं किंवा बँकेत. रोख देऊन "नंबर आला की बघू" असं अजिबात करू नका. त्यानं अर्ज केल्याची नोंद ठेवा आणि नंबर आल्यावर पेरोलमध्ये भरा. पेरोलचं सॉफ्टवेअर नंबराशिवाय पुढे जाऊ देत नसेल, तर त्या कंपनीला विचारून मार्ग काढा. पुढे जाता यावं म्हणून मनानं नऊ आकडे ठोकणं, किंवा नवऱ्याचा, भावाचा नंबर टाकणं, हा मार्ग नव्हे. त्यातून दोघांच्या खात्यांचे हिशेब बिघडतात आणि प्रकरण गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. वर्ष संपताना डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा फॉर्म, भरायची वेळ आली आणि नंबर तरीही नसेल, तर त्याचीही सोय आहे. कागदी फॉर्मवर त्या जागी "अप्लाइड फॉर" लिहायचं, ऑनलाइन भरताना नऊ शून्यं भरायची, आणि नंबर आल्यावर डब्ल्यू-२सी हा दुरुस्तीचा फॉर्म पाठवायचा. नंबर नसताना डब्ल्यू-२ कसा भरायचा हे आयआरएसनंच सांगून ठेवलंय, यातच नंबर नसताना काम करता येतं हे आलं.

नंबरासाठीचा अर्ज एसएस-५. त्याला एक पैसाही लागत नाही, तेव्हा "काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. ईएडीचा आय-७६५ अर्ज भरतानाच सोशलही मागता येतो. तशी खूण केली असेल आणि ती सोय सुरू असेल तर वेगळं ऑफिस गाठावं लागत नाही, कार्ड पोस्टानं घरी येतं. एच-वन-बीवाल्यांनी पासपोर्ट आणि आय-९४ घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत जायचं. कॉलेजात काम मिळालेल्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं आणि काम देणाऱ्या विभागाचं पत्र लागतं. देशात पाऊल ठेवल्याबरोबर धावत जाऊ नका, साधारण दहा दिवस थांबा. तोवर तुमची नोंद सरकारी यंत्रणेत दिसू लागते, नाहीतर अर्ज तिथेच अडकून पडतो.

ई-व्हेरिफाय म्हणजे आय-९ वरची माहिती सरकारी नोंदींशी ऑनलाइन ताडून बघायची यंत्रणा. ती सगळ्यांना सक्तीची नाही. केंद्र सरकारची ठरावीक कंत्राटं घेणाऱ्यांना ती लागते. ॲरिझोनात सर्व मालकांना लागते, आणि फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी मालकांना. आपल्या मुलांच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्टेम ओपीटीची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्यांना मिळणारी, २४ महिन्यांची वाढ हवी असेल, तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये असावीच लागते. यात मात्र सोशल नंबर लागतो. पण इथेही, नंबर अजून यायचा असेल तर माणसाला कामावरून थांबवायचं नसतं. आय-९ वेळेत पूर्ण करायचा, उशिराचं कारण लिहून त्याला जोडायचं, त्याला काम करू द्यायचं आणि नंबर आल्याबरोबर केस उघडायची. "सोशल नंबराची वाट बघत आहोत" हे उशिराचं कारण त्या यंत्रणेत निवडायची सोयच आहे.

केस उघडल्यावर आपल्या लोकांना नडतं ते नाव. पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव, लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं, सोशल कार्डावर यातलं अर्धं, ईएडीवर आडनाव वेगळ्या स्पेलिंगनं. यंत्रणा म्हणते, जुळत नाही. त्याचा अर्थ माणूस खोटा आहे असा होत नाही. मालकानं ही गोष्ट त्याला खासगीत सांगायची, नोटीस द्यायची, आणि त्याला दुरुस्ती करायची असेल तर केस पुढे पाठवायची. मग संबंधित कचेरीशी संपर्क साधायला त्याला सरकारी कामकाजाचे आठ दिवस मिळतात. निकाल लागेपर्यंत त्याला काढायचं नाही, तास कमी करायचे नाहीत, पगार रोखायचा नाही. माझा सल्ला असा, की सोशलचा अर्ज भरतानाच पासपोर्टवरचं नाव अक्षर न्‌ अक्षर तसंच लिहा. पाच मिनिटं जास्त जातील, पण पुढचे आठवडे वाचतील.

ई-व्हेरिफायमध्ये नीट नाव असलेल्या मालकांना १ ऑगस्ट २०२३ पासून आणखी एक सोय आहे. दुसऱ्या गावात बसून काम करणाऱ्याची कागदपत्रं व्हिडिओ कॉलवर तपासता येतात, त्यांच्या प्रती आधी मागवून आणि जपून ठेवून. बाकीच्यांना कागदपत्रं समोरासमोरच बघावी लागतात. तुमच्या वतीनं तिथल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगता येतं, पण त्याची चूक ती तुमची चूक.

ईएडी आणि आय-९४ ची मुदत संपत आली की फेरतपासणी करायची असते. अमेरिकन नागरिकांची आणि ग्रीन कार्डवाल्यांची करायची नसते, ग्रीन कार्डवरची तारीख उलटली तरीही. ईएडीवाल्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. पूर्वी मुदतीआधी नूतनीकरणाचा अर्ज केला, की अनेकांची परवानगी आपोआप लांबत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या बहुतेक अर्जांना ही सवलत उरलेली नाही. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

भरलेले फॉर्म सरकारला पाठवायचे नसतात, आपल्याकडे सांभाळायचे असतात. रुजू झाल्यापासून तीन वर्षं किंवा काम सोडल्यापासून एक वर्ष, यांतली जी तारीख नंतर येते तोपर्यंत. १ मार्च २०२२ ला लागलेला माणूस १ सप्टेंबर २०२३ ला सोडून गेला, तर त्याचा फॉर्म १ मार्च २०२५ पर्यंत हवा. तपासणीची नोटीस आली की किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आणि तेवढ्यात जुने फॉर्म शोधणं म्हणजे नाकी नऊ येतात. नुसत्या कागदोपत्री चुकीलाही २०२५ च्या दरानं एका फॉर्ममागे २८८ ते २,८६१ डॉलर दंड आहे. परवानगी नाही हे माहीत असून माणूस ठेवल्याचा दंड याहून बराच मोठा.

कुणाला असं अडवलं गेलं असेल, तर न्याय खात्याचा याच कामासाठी वेगळा विभाग आहे. कामगारांसाठी १-८००-२५५-७६८८ आणि मालकांसाठी १-८००-२५५-८१५५ हे त्याचे फोन. नाव न सांगता विचारता येतं. तक्रार करायची तर घटनेपासून १८० दिवसांच्या आत.

त्या सांगलीच्या मुलीकडेही तेवढे दिवस होते. तिला तक्रार करायची नव्हती. तिनं आय-९ मधलं याद्यांचं पान छापून घेतलं, ए यादीतल्या ईएडीच्या ओळीभोवती पेनानं गोल काढला आणि ते पान त्या दवाखान्याला पोस्टानं पाठवून दिलं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी लिहिली होती, की तुमच्याकडे पुढे जी कुणी येईल तिच्यासाठी हे जवळ असू द्या.